त्याच्या ग्लासातलं लाल

३ मार्च, रविवार

आईंनी आज फ्रीजच्या दारात उभं राहून विचारलं, "त्याचं ते लाल आपल्याला जमेल का गं?"

मी भांडी विसळत होते. हातातली बशी नळाखाली तशीच राहिली.

लाल म्हणजे माझ्या नवऱ्याचं रविवारचं पेय. टोमॅटोचा रस, मिरी, लिंबू, व्होडका, आणि त्या सगळ्यात मुरलेला बेकनचा, म्हणजे धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा, धुरकट, खारट वास. नाव कॉकटेल. पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो शब्द कधी तोंडातून काढायच्या नाहीत. "झालं का तुमचं लाल?" म्हणायच्या, नाक मुरडायच्या आणि आपला चहा घेऊन खिडकीत जाऊन बसायच्या. घरात पहिल्यांदा बाटली आली तेव्हा याच बाईंनी अबोला धरला होता. आणि आज विचारतात — जमेल का!

तो गेल्यापासून हे आम्हा दोघींचं घर आहे. हिवाळा कसाबसा काढला. एकमेकींशी इतकं जपून बोलतो की घसा दुखतो.

"जमेल की," म्हटलं.

मला कृतीचा पत्ता नाही! रविवारी मी लोळत पडायचे. उठून येईपर्यंत टेबलावर दोन ग्लास तयार. एक माझा, एक त्याचा.

४ मार्च, सोमवार

कारखान्यात दिवसभर टोमॅटो. सॉसच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईनं घरी येऊन पुन्हा टोमॅटोच प्यायचे, म्हणजे शिक्षाच. चमच्याने चाखा, आंबटपणा मोजा, दाटपणा बघा, थुंका. हे मी त्याला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. तर म्हणाला, "आठवडाभर पगारासाठी चाखतेस ना? रविवारी माझ्यासाठी चाख. आणि थुंकायचं नाही!"

आज हे आठवलं आणि चमचा तोंडात असतानाच हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, बरं वाटलं गं तुला हसताना बघून. झालं. लगेच रडू.

९ मार्च, शनिवार

खाटकाच्या दुकानात गेले. बेकन नेहमी तोच आणायचा. खाटकानं नाव न विचारताच बेकनच्या पट्ट्या कागदात गुंडाळल्या. नवऱ्याच्या मोबाईलमधला माझा फोटो म्हणे पाहिला होता कधीतरी! "बऱ्याच दिवसांनी! साहेब कुठायत?"

"बाहेरगावी," म्हटलं.

का म्हटलं कोण जाणे. रस्ताभर बरं वाटत होतं. खरंच कुठेतरी गेलाय आणि यायचाय असं.

१० मार्च, रविवार

फजिती! आच मोठी ठेवली, पट्ट्या करपल्या. तशाच चुरून रसात घातल्या. चरबीचे पिवळे ठिपके वर तरंगायला लागले, ढवळावं तर भांड्याच्या कडेला चिकटायला लागले. वास जळक्या दोरीचा.

आईंनी घोटभर घेतलं. डोळे मिटले. "हेच! अगदी हेच ते!"

"आई, तुम्ही ते कधी प्यायलाच नाहीत."

"वासावरून सांगते गं."

दोघींनी मोरीत ओतलं.

१३ मार्च, बुधवार

लंबूला फोन केला. लंबू म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं लिफ्ट दुरुस्त करायचे, एकाने वर यंत्राच्या खोलीत जायचं, एकाने खाली खड्ड्यात उतरायचं, आणि अंधारातून एकमेकांना शिव्या घालायच्या. अशी वर्षं काढली.

लंबू उत्साहात आला. "सोपंय वहिनी! बेकन थंड तव्यावर ठेवायचं, मग मंद आच. चरबी आपोआप सुटते. ती गाळून कोमट असताना व्होडकात घालायची, हलवायची, फ्रीजरमध्ये ठेवायची. चरबी वर थिजते, झाकणासारखी. ती काढून टाकायची. वास दारूत राहतो. हॉटेलात असंच करतात."

"तो असंच करायचा?"

"त्याचं तोच जाणे, वहिनी. ठेवतो. वरून हाक मारताहेत."

१६ मार्च, शनिवार

आज करपू दिलं नाही. थंड तवा, मंद आच. पट्ट्या आधी घामेजल्या, मग आक्रसल्या, कडा कुरळ्या झाल्या. चरबी काचेसारखी नितळ सुटली. फडक्यातून गाळून व्होडकाच्या बरणीत घातली. आई शेजारी बसून टोमॅटो निवडत होत्या. खरं तर निवडण्यासारखं काही नव्हतं, सगळेच चांगले होते. पण एकेक हातात घ्यायच्या, फिरवायच्या, ठेवायच्या. मध्येच म्हणाल्या, "तुला एक—" आणि मग, "मीठ आहे ना घरात?"

मीठ! भरलेला डबा समोर होता.

१७ मार्च, रविवार

लिहवत नाही. तरी लिहिते. पुढे कधी वाटायला नको की मी हे मनाचं रचलं.

सकाळी बरणी काढली. चरबी वर पांढरी, घट्ट थिजलेली. चमच्याने उचलली तर अखंड निघाली. मला इतका आनंद झाला! टोमॅटोचा रस, लिंबू, मिरी, तिखट सॉसचे थेंब, आणि ही व्होडका. सेलरीची काडी खोचली. प्यायले.

चांगलं होतं. पण त्याचं नव्हतं. यात धूर एकीकडे आणि टोमॅटो एकीकडे. त्याच्या हातच्या पेयात टोमॅटोच धुरकट असायचा. बाकी काही कळत नसेल मला, पण जिभेवर तर माझं पोट आहे.

"काहीतरी चुकतंय," म्हटलं. "व्होडका अजून एक दिवस मुरायला हवी होती का?"

आई हातातला टोमॅटो फिरवत तंद्रीत होत्या. "चरबी दारूत नाही गं घालायचा तो. चरबीत टोमॅटोच परतायचा. मग रस गार करून वरची साय काढायचा. दारू तर सगळ्यात शेवटी, तुझ्या एकटीच्याच—"

"माझ्या एकटीच्या म्हणजे?"

आईंनी टोमॅटो ठेवला खाली. हात पदराला पुसले. कोरडेच होते.

"त्याचा ग्लास नुसता टोमॅटोचा असायचा."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी सांगितल्यापासून."

"कुठल्या डॉक्टरांनी, आई?"

मग सगळं आलं. हृदय मोठं झालं होतं, स्नायू थकला होता. ऑपरेशन करून उपयोग नव्हता. औषधं घ्या, दारू सोडा, वजन उचलू नका, आणि किती वेळ आहे ते विचारू नका. याला वर्षं झाली! माझ्याच घरात! गोळ्या आईंच्या डब्यात असायच्या, आईंच्या म्हणून. रोज रात्री "आई, तुझ्या गोळ्या घेतल्यास का?" म्हणत त्यांच्या खोलीत जायचा. मला वाटायचं, किती काळजी करतो आईची!

"मला का नाही सांगितलं?"

"तेव्हा तुझं बाळ गेलं होतं नुकतंच."

मी ग्लास खाली ठेवला.

"तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. जेवायची नाहीस. तो म्हणाला, आत्ता नको आई, ती उठून बसू दे. मग तू उठून बसलीस. परत कामाला जायला लागलीस. एक दिवस त्या टोमॅटोवरून काहीतरी बोललीस आणि खदखदून हसलीस. मी म्हटलं, आता सांग. तर म्हणाला, आत्ता कुठे हसायला लागलीये. आत्ता नको."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती त्याने. माझ्या गळ्याची घातली असती तर मोडली असती मी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय काय बोलले! दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत. मी परकी ती परकीच राहिले. मग मी ओरडले, "मला निरोप तरी घेता आला असता!"

"रोज घेतला असतास," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. त्याला तेच नको होतं."

शेवटच्या सकाळी तो दारातून जाताना मी त्याला काय म्हटलं, माहितेय? "गीझर बंद केलास का?" बस. तो "हो" म्हणाला आणि गेला. कार्यशाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या संपला.

"मग आता कशाला काढलंत? लाल जमेल का म्हणून कशाला विचारलंत?"

"मला वाटलं, करता करता सांगून होईल. तुला नुसतं समोर बसवून सांगायची छाती झाली नाही."

मी ग्लास मोरीत ओतला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

१८ मार्च, सोमवार

चाखलं. मोजलं. थुंकलं.

१९ मार्च, मंगळवार

कामावरून परस्पर लंबू जिथे काम करत होता त्या इमारतीत गेले. लिफ्टचं दार उघडं, समोर लाकडी आडणा, आत काळोख. खालून टॉर्चचा उजेड हलत होता. हाक मारली तर आधी पाना वर आला, मग लंबू. चिंधीला हात पुसत राहिला.

"त्याला टेबलाचं काम दिलं, ती बढती नव्हती ना?" मी म्हटलं.

"नाही वहिनी. साहेबांनी त्याला शाफ्टमध्ये उतरायला बंदी केली. म्हणून टेबलावर बसवलं. नवीन लोकांना शिकवायला."

मी केक आणला होता! सगळ्यांना घरी बोलावलं होतं. त्याला नवा शर्ट घेतला, साहेबासारखा दिसायला हवास म्हणून. हे सगळे आले, केक खाल्ला, टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांना ठाऊक!

"तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही रे?"

"वाटलं ना. मला तर घास गिळवेना. पण तुम्ही त्याला केक भरवलात ना, तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो. वहिनी, खरंच बढती मिळाल्यासारखा दिसत होता तो."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. लंबूही बसला, एक पायरी सोडून. इतका उंच माणूस, गुडघे छातीशी आले.

"भांडलो मी त्याच्याशी," म्हणाला. "म्हटलं, सांग बायकोला, पाप करतोयस. तर म्हणाला, घरात एक तरी माणूस बिनघोर हवं. नाहीतर घराचा दवाखाना होतो."

मग तोच रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं. मला मात्र रडू येईना. राग येत होता. मेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तो काही उलटून बोलत नाही.

२१ मार्च, गुरुवार

घरात अबोला. आई माझं ताट वाढून ठेवतात आणि आपल्या खोलीत जातात. मी जेवते, ताट घासते. त्यांच्या खोलीतला दिवा दाराखालून दिसतो.

नणंदेचा फोन. "आईला माझ्याकडे पाठव. तुम्हा दोघींचं काहीतरी बिनसलंय. ती सांगत नाही, तूही सांगू नकोस, पण पाठव." हिला काही माहीत नाही. म्हणजे मी एकटीच परकी नव्हते. सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं त्याने. हे कळून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२३ मार्च, शनिवार

आईंनी बॅग भरली. सोमवारी जाणार. मी "थांबा" म्हटलं नाही. तोंडाशी आलं होतं.

२४ मार्च, रविवार

पहाटे जाग आली ती परत झोप लागेना. उठले. या घरात आल्यापासून रविवारी इतक्या लवकर मी पहिल्यांदाच उठले असेन. स्वयंपाकघरात ऊन यायचं होतं. कुणाच्या तरी घरात रेडिओ हळू लागला होता. ही त्याची वेळ. मी आत घोरत असायचे आणि ही दोघं मायलेकरं इथे. तो तव्यापाशी, त्या खिडकीत. आणि दोघांच्या मध्ये ते गुपित.

त्या दोघांनी इथे काय बोलत बसावं? बहुतेक काहीच नाही. टोमॅटो महागले, लंबूचं लग्न जमत नाही, असलंच काहीतरी. मी आल्यावर तो मान वर करून म्हणायचा, "उठल्या राणीसाहेब!" आणि आई चहा घेऊन तिकडे तोंड करायच्या. मला वाटायचं, बाटली आवडत नाही म्हणून.

बेकन थंड तव्यावर ठेवलं. चरबी सुटू दिली. पट्ट्या काढून घेतल्या आणि त्याच चरबीत टोमॅटो चिरून टाकले. मंद आचेवर, कडेचं जरा लालसर होईपर्यंत. घरभर वास! मग वाटलं, गाळलं, भांडं बर्फात ठेवलं. वर पातळ केशरी साय धरली. चमच्याने अलगद काढली. लिंबू, मिरी, मीठ.

दोन ग्लास घेतले. डोळ्यांना दोनच बघायची सवय. दोन्ही भरले. मग बाटली उघडून एकातच व्होडका ओतली आणि काडीने ढवळली, तो ढवळत असेल तशी. दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले. बघून काही कळत नव्हतं. रंग तोच. माझं काम काय, तर टोमॅटोच्या रसात काय कमी, काय जास्त ते ओळखणं. आणि मी त्या ग्लासाशी ग्लास भिडवून हसायचे!

त्याचा, व्होडका नसलेला ग्लास उचलला. प्यायले.

हेच होतं ते. हीच चव. धूर, मीठ, आणि मागून टोमॅटोचा गोडवा. इतक्या रविवारांत त्याच्या ग्लासातला एक घोट मी कधी मागितला नव्हता. का मागेन? माझा माझ्यासमोर असायचा. एकदा जरी म्हटलं असतं, बघू तुझा कसा झालाय!

मग रडले. पहिल्यांदा पोटभर. ओट्याला टेकून, तोंडावर हात न ठेवता.

आई कधी आल्या कळलं नाही. खुर्ची ओढून बसल्या, दुसरा ग्लास जवळ घेतला आणि सरळ तोंडाला लावला. मी "आई, तो नको!" म्हणेपर्यंत चांगला मोठा घोट गेला होता. असा ठसका लागला! डोळे पांढरे, नाकातून टोमॅटो, पदर सगळा लाल.

"अगं हे — हे काय — हे तू आवडीने प्यायचीस?"

"दर रविवारी."

"कमाल आहे बाई तुझी! माझा लेक शहाणा, नुसता टोमॅटो प्यायचा!"

आणि आम्ही हसायला लागलो. त्या खोकत हसत होत्या, मी रडत हसत होते. किती वेळ ते थांबेचना. मग त्यांनी माझा हात धरला. हात खरबरीत, गार. म्हणाल्या, "त्याच्यावर राग काढता येत नसेल तर माझ्यावर काढ. मी आहे अजून."

मी म्हटलं, "बॅग रिकामी करा."

"माझी मी करीन," म्हणाल्या. पण बसूनच राहिल्या. ग्लास मात्र संपवला! घोट घोट, तोंड वाकडं करत, औषधासारखा.

२५ मार्च, सोमवार

नणंदेला फोन करून सांगितलं, आई येत नाहीत. ती म्हणाली, तुमचं दोघींचं काही कळत नाही बाई मला.

संध्याकाळी आईंनी त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदाच तो असा कुणाचा तरी मुलगा वाटला. माझा राग गेलेला नाही. पण आता दोघींच्यात बसून आहे, एखाद्या हट्टी पाहुण्यासारखा. त्यालाही चहा द्यावा लागतो.

२७ मार्च, बुधवार

कारखान्यात शेजारणीचा फोन. आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. धावत गेले. हाड मोडलं नाही. शुद्धीवर होत्या, आणि लाजल्यासारख्या झाल्या होत्या. "तुझा दिवस खराब केला गं." डॉक्टरांनी रक्त घेतलं, पोटाचे फोटो काढले. शनिवारी बोलावलंय.

३० मार्च, शनिवार

डॉक्टरांनी आईंना बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. हळू आवाजात बोलले. पोटात आहे, पसरलंय, या वयात कापाकापी नको. पावसाळ्यापर्यंत, असं काहीतरी म्हणाले. "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बाहेर आले. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणाले?"

"काही नाही. रक्त कमी आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात."

किती सहज निघालं तोंडातून! आवाजसुद्धा हलला नाही.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पर्स उचलली.

"बरं," म्हणाल्या. "हात दे. पायऱ्या उंच आहेत इथल्या."